खेळाडू मिशनरी एरिक लिडेल

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागात दरसाल एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. यंदा ज्या गृहस्थांची आम्ही निवड केली आहे, त्यांचे नाव १९८१ साली निघालेल्या एका इंग्रजी चित्रपटामुळे पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. परंतु त्या प्रसिद्धीत त्यांच्या आयुष्याचा एक तुकडाच काय तो लोकांपुढे आला. एरिक हेन्री लिडेल यांनी १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत रविवारी धावण्यास नकार दिला, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. त्यापूर्वी ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळत असत, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आणि त्या नकारानंतर वीस वर्षांनी, चीनमधील एका कैदी छावणीत, रविवारचाच प्रश्न पुन्हा समोर आला तेव्हा त्यांनी काय केले, हे तर क्वचितच कोणी सांगतो. आम्हांस ती शेवटची हकीकत सर्वांत मोलाची वाटते. परंतु ती नीट समजावी म्हणून आरंभापासूनच सांगणे बरे.

एरिक यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीन देशातील टिएन्ट्सिन, म्हणजे आजचे तियानजिन, या शहरी झाला. वडील जेम्स डनलॉप लिडेल व आई मेरी ही दोघेही मूळची स्कॉटलंडची. वडील लंडन मिशनरी सोसायटीच्या सेवेत होते. या संस्थेचे नाव आमच्या वाचकांस अगदीच परके नसावे, कारण एकोणिसाव्या शतकात बेळगावकडे तिच्या मिशनरींनी काम केले होते. एरिकच्या जन्मापूर्वी दोनच वर्षे चीनमध्ये बॉक्सर लोकांचे बंड होऊन अनेक मिशनरी व त्यांहून कितीतरी अधिक चिनी ख्रिस्ती मारले गेले होते. अशा देशात हे कुटुंब टिकून राहिले. सियाओचांग नावाच्या खेड्यातील मिशनच्या आवारात एरिकचे बालपण गेले. थोरला भाऊ रॉबर्ट, धाकटी बहीण जेनी आणि पुष्कळ वर्षांनी जन्मलेला अर्नेस्ट, अशी ही भावंडे होती.

१९०७ साली लिडेल कुटुंब रजेवर स्वदेशी आले, आणि पुढच्या वर्षी रॉबर्ट व एरिक या दोघांस लंडनजवळच्या ब्लॅकहीथ येथे मिशनरींच्या मुलांकरिता चालविलेल्या वसतिशाळेत ठेवण्यात आले. रॉबर्ट आठ वर्षांचा, एरिक सहा वर्षांचा. आधी वडील चीनला परत गेले, मागाहून आईही गेली. त्यानंतर शाळा संपेपर्यंत आईबापांची भेट झाली ती त्यांच्या रजेच्या काळात, बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. आमच्या वसतिगृहातील लहान मुलांना दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागेपर्यंत दिवस जात नाहीत, हे आम्ही दरवर्षी पाहतो. इथे तर मध्ये अर्धे जग होते आणि पत्रास पोहोचावयास कित्येक आठवडे लागत. मुलांना अशा रीतीने मागे ठेवून जाण्याची त्या काळच्या मिशनरींची चाल योग्य होती किंवा नाही, यावर आज पुष्कळ बोलता येईल. मूल सहा वर्षांचे असताना असा वियोग घडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि या वियोगाने एरिकच्या मनात कडवटपणा न येता आईबापांवाचून राहणाऱ्या मुलांविषयी एक जिव्हाळा उत्पन्न झाला असावा, असे त्याच्या पुढील चरित्रावरून आम्हांस वाटते.

पुढे ही शाळा मॉटिंगहॅम येथे हलली व एल्टम कॉलेज या नावाने चालू लागली. एरिक लाजाळू व अबोल होता. एका नाटकात त्याने उंदराचे सोंग घेतले, त्यावरून शाळेत त्याचे नावच उंदीर पडले. परंतु हा उंदीर मैदानावर उतरला की कोणास सापडत नसे. क्रिकेट व रग्बी या दोन्ही खेळांत तो शाळेचा कप्तान झाला.

रग्बी हा खेळ मुंबईस जिमखान्याच्या मैदानावर काहींनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याकरिता दोन शब्द. या खेळात दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी असतात. चेंडू वाटोळा नसून लंबगोल असतो व तो हातात घेऊन पळता येते. मौज अशी की, चेंडू हातांनी पुढे फेकण्यास सक्त मनाई आहे; सोबत्याकडे द्यावयाचा तर बाजूस किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणून चेंडू पुढे न्यावयाचा, तर लाथेने उडवावा किंवा तो उराशी धरून स्वतः धावावे. धावणाऱ्यास प्रतिपक्षाने कमरेस अगर पायांस मिठी घालून भुईवर पाडावे, ही रीत. समोरच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे त्यास ट्राय म्हणतात. त्याबद्दल त्या काळी तीन गुण मिळत, आता पाच मिळतात. आठ धिप्पाड गडी पुढे राहून चेंडूसाठी रेटारेटी करतात. बाकीचे सात मागे पसरून उभे राहतात, आणि त्यांतील दोघे मैदानाच्या दोन्ही कडांना असतात. त्यांस विंग म्हणतात. चेंडू हातोहात सरकत कडेपर्यंत आला की विंगने वाऱ्यासारखे सुटावयाचे. त्याला शक्तीपेक्षा वेग अधिक लागतो. लिडेल विंगला खेळत.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आज रग्बीपटू मोठमोठे पगार घेतात, पण ही रीत १९९५ सालापासूनची आहे. त्यापूर्वी रग्बी युनियन या नावाने जो खेळ चाले, त्यात खेळण्याबद्दल पैसा घेणे हा अपराध समजला जाई. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी, कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यावी की न द्यावी या वादावरून, वेगळी चूल मांडली. आणि पैसे घेणाऱ्यास युनियनचे दार पुढे शंभर वर्षे बंद राहिले. तेव्हा लिडेल यांच्या खेळाचा जो काही मोबदला होता तो जर्सी, टोपी आणि लोकांची वाहवा एवढाच. अभ्यास सांभाळून शनिवारी खेळावे आणि सोमवारी पुन्हा प्रयोगशाळेत हजर व्हावे, असा क्रम असे.

१९२० साली लिडेल एडिंबरोच्या विश्वविद्यालयात भावापाठोपाठ आले. रॉबर्ट वैद्यक शिकत होते. यांनी शास्त्र हा विषय घेतला. १९२१ च्या मे महिन्यात विश्वविद्यालयाच्या शर्यतींत त्यांनी प्रथम नाव मिळविले, आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यात रग्बीच्या संघात त्यांची निवड झाली. काही आठवड्यांतच ते राष्ट्रीय संघात जाऊन पोहोचले. २ जानेवारी १९२२ रोजी, सोमवारी, पॅरिसजवळच्या कोलंब येथील मैदानावर फ्रान्सविरुद्ध ते स्कॉटलंडतर्फे पहिला सामना खेळले. तीन गुणांवर बरोबरी झाली. कोलंब हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या मोसमात वेल्सविरुद्धचा सामनाही बरोबरीत सुटला. पुढे आयर्लंडवर सहा विरुद्ध तीन असा जय मिळाला व लिडेल यांनी आपला पहिला ट्राय केला. १९२३ सालचा मोसम मात्र त्यांचा खरा. त्यांच्या शेजारी मध्यभागी ए. एल. ग्रेसी हा अत्यंत चतुर गडी असे. ग्रेसीने प्रतिपक्षास फसवून वाट मोकळी करावी आणि लिडेल यांनी त्या वाटेने निघून जावे, अशी ही जोडी जमली. जानेवारीत फ्रान्स हरले, त्यात लिडेल यांचा एक ट्राय. फेब्रुवारीच्या आरंभी कार्डिफ येथे वेल्सशी गाठ पडली. कार्डिफमध्ये स्कॉटलंडने १८९० सालानंतर एकदाही विजय पाहिला नव्हता. या सामन्यात अगदी शेवटी ग्रेसीने ट्राय करून तेहतीस वर्षांचे हे अपयश पुसून टाकले. अकरा विरुद्ध आठ असा निकाल लागला, आणि त्यातही लिडेल यांचा एक ट्राय होता. त्याच महिन्यात डब्लिन येथे आयर्लंडवर जय मिळाला, तेथेही एक. याप्रमाणे ते खेळलेल्या लागोपाठ चार सामन्यांत त्यांच्या नावे एकेक ट्राय लागला.

राहिला इंग्लंडचा सामना. १७ मार्च १९२३ रोजी एडिंबरोतील इन्व्हर्लीथ येथे तो झाला. या दोन देशांच्या सामन्यास जे पारितोषिक असते त्यास कलकत्ता कप म्हणतात, आणि त्याची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. १८७०च्या सुमारास कलकत्त्यातील युरोपियन लोकांनी रग्बीचा एक क्लब काढला होता. तो चालेनासा झाल्यावर सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये आटवून एक कप घडविला व विलायतेस पाठवून दिला. त्याच्या मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७९ सालापासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठी झुंजत आले आहेत. आमच्या रुपयांचा असा उपयोग झाला याचे कौतुक करावे की काय करावे, हे वाचकांनीच ठरवावे! असो. त्या दिवशी इंग्लंडने आठ विरुद्ध सहा गुणांनी कप नेला. लिडेल यांचा हा सातवा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. सातांपैकी चार जिंकले, दोन बरोबरीत सुटले, आणि हा एकच हरला.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, संघातील जागा पक्की असताना, त्यांनी रग्बी सोडली. कारण सरळ होते. पुढच्या वर्षी ऑलिंपिक सामने होते, आणि रग्बीत पाय मोडला तर धावणे कायमचे संपले असते. दोनच वर्षांनी, १९२५ साली, मरेफील्डच्या नव्या मैदानावर इंग्लंडला हरवून स्कॉटलंडने चारही देशांवर विजय मिळविण्याचा मान प्रथमच पटकाविला. लिडेल त्या संघात नव्हते.

१९२३ च्या उन्हाळ्यात लंडन येथील शर्यतींत त्यांनी शंभर यार्ड ९.७ सेकंदांत तोडले. ब्रिटनमध्ये हा विक्रम पस्तीस वर्षे अबाधित राहिला. त्यांची धावण्याची तऱ्हा मात्र पाहणाऱ्यास हसू यावे अशी होती. डोके मागे टाकलेले, तोंड उघडे, हात पवनचक्कीसारखे फिरत असलेले. त्यांचे शिक्षक टॉम मॅकर्चर यांनी ती मोडण्याचा फारसा हट्ट धरला नाही, हे त्यांचे शहाणपण. त्याच जुलैत स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून लिडेल रुळाबाहेर पडले. इतर धावपटू सुमारे वीस यार्ड पुढे गेले. ते उठले, पुन्हा धावू लागले, एकेकास मागे टाकीत गेले आणि शर्यत जिंकून तेथेच कोसळले. रग्बीत पडून उठण्याची सवय येथे कामी आली, असे आम्हांस वाटते.

याच वर्षी आणखी एक घटना घडली, तिचा बोभाटा तेव्हा फारसा झाला नाही. डी. पी. थॉमसन नावाचे एक तरुण सुवार्तिक कामगार वस्त्यांत सभा भरवीत. पण पुरुषमंडळी फिरकत नसत. प्रख्यात रग्बीपटू बोलणार आहे असे कळले तर लोक येतील, या आशेने ते लिडेल यांच्याकडे गेले. लिडेल लाजाळूच राहिले होते. सभेत बोलण्याची त्यांस कधी सवय नव्हती. तरीही त्यांनी होकार दिला, आणि एप्रिल १९२३ मध्ये आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी ते प्रथम बोलले. ऐंशीच्या आसपास श्रोते होते. भाषण साधे, संथ, कोणताही आवेश नसलेले. चीनला जाण्याचा निश्चय याच काळात पक्का होत गेला.

आता पॅरिसची हकीकत. शंभर मीटर ही लिडेल यांची शर्यत. तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलै १९२४ रोजी, ठरल्या होत्या. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी खेळावयाचे नाही, हा घरचा आणि त्यांचा स्वतःचा नियम होता. चित्रपटात त्यांना ही बातमी जहाजावर चढताना कळते असे दाखविले आहे. ते खरे नव्हे. कार्यक्रम कित्येक महिने आधी ठाऊक होता, आणि लिडेल यांनी त्याच वेळी आपला निर्णय कळविला. सांघिक दौडीच्या दोन अंतिम शर्यतीही रविवारीच होत्या. त्यांवरही त्यांनी पाणी सोडले. वर्तमानपत्रांतून टीका झाली, देशाभिमानाची आठवण करून देण्यात आली. त्यांनी वाद घातला नाही. हाती असलेले महिने त्यांनी चारशे मीटरच्या तयारीत घालविले. ज्या शर्यतीत मूळची आवड त्या शंभरऐवजी चौपट अंतर धावावयाचे, म्हणजे दम राखण्याची विद्या नव्याने शिकणे होय. शंभर मीटरची शर्यत ७ जुलैला हॅरॉल्ड अब्राहम्स यांनी ब्रिटनसाठी जिंकली. त्या दिवसांत लिडेल यांनी पॅरिसमधील स्कॉटिश लोकांच्या चर्चमध्ये प्रवचनही केले.

९ जुलैस दोनशे मीटरमध्ये ते तिसरे आले. ११ जुलैस चारशे मीटरची अंतिम शर्यत झाली. मैदान कोलंबचेच, अडीच वर्षांपूर्वी निळी जर्सी घालून ते येथेच पहिल्यांदा स्कॉटलंडकरिता उतरले होते. त्याच दिवशी उपान्त्य फेरीत अमेरिकेचे होरेशो फिच यांनी ४७.८ सेकंदांचा नवा विक्रम केल्याने सर्वांचे डोळे त्यांच्याकडे होते. लिडेल यांच्या वाट्यास सर्वांत बाहेरची वाट आली. तिच्यात धावणाऱ्यास इतर कोणी दिसत नाहीत. आपण पुढे आहोत की मागे, हे कळावयास मार्ग नसतो. शर्यतीपूर्वी स्कॉटिश पलटणीच्या वाद्यवाल्यांनी पाइप वाजविले. संघातील मालिशवाल्याने त्या दिवशी लिडेल यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एका वचनाचा उल्लेख होता. बंदूक उडताच ते असे सुटले की जणू ही दोनशे मीटरचीच शर्यत आहे. पहिले अर्धे अंतर त्यांनी २२.२ सेकंदांत तोडले. इतक्या वेगाने धावणारा मनुष्य शेवटी गळून जाणारच, असे जाणत्यांस वाटले. पण ते गळाले नाहीत. डोके मागे गेले, हात फिरू लागले, आणि ४७.६ सेकंदांत त्यांनी शर्यत संपविली. फिच दुसरे, ब्रिटनचेच गाय बटलर तिसरे.

आठवडाभरात एडिंबरोच्या पदवीदान समारंभात प्राचार्य सर आल्फ्रेड यूइंग यांनी त्यांच्या मस्तकावर रानऑलिव्हच्या डहाळ्यांचे मुकुटासारखे कडे ठेवले, आणि विद्यार्थ्यांनी त्यांस खांद्यांवर उचलून शहरातून मिरविले. खेळाने विद्या बुडते अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी, हे गृहस्थ त्या दिवशी शास्त्र विषयाची पदवी घेण्याकरिता तेथे आले होते, इकडे लक्ष द्यावे. पुढे एक वर्ष धर्मशास्त्राचे अध्ययन करून १९२५ साली ते चीनला निघाले. वेव्हर्ली स्टेशनावर निरोप देण्यास लोटलेली गर्दी एखाद्या राजपुत्रास शोभावी अशी होती. ते तेवीस वर्षांचे होते. धावपटूची खरी उमेदीची वर्षे पुढेच होती.

टिएन्ट्सिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी बारा वर्षे शास्त्र शिकविले, मुलांकडून खेळ करवून घेतले, रविवारची शाळा चालविली. त्या काळाविषयी लिहिण्यासारखे ठळक प्रसंग थोडे. शिक्षकाच्या आयुष्यात ते बहुधा थोडेच असतात. १९३२ साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. कॅनडाच्या मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. फ्लॉरेन्स यांचे परिचारिकेचे शिक्षण टोरांटो येथे पुरे होईपर्यंत ते थांबले, आणि २७ मार्च १९३४ रोजी विवाह झाला. पॅट्रिशिया व हेदर या दोन मुली १९३५ व १९३७ साली झाल्या.

१९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली, आणि त्याच वर्षी मिशनने लिडेल यांस शहर सोडून सियाओचांगला जाण्यास सांगितले. बालपणीचे तेच खेडे. तेथील रुग्णालयात आता बंधू रॉबर्ट डॉक्टर होते. बायकोमुली शहरातच राहिल्या. एका बाजूस जपानी फौज, दुसऱ्या बाजूस चिनी फौजा व लुटारू, मध्ये उपाशी शेतकरी; त्यांच्यामधून लिडेल सायकलीने व पायी गावोगाव फिरत. १९३९ च्या फेब्रुवारीत त्यांस कळले की एक जखमी मनुष्य एका पडक्या देवळात पडून आहे. जपान्यांच्या भीतीने कोणी त्यास घरात घेईना. ते एका गाडीवानास घेऊन गेले. त्याला उचलून निघाले असता वाटेत दुसऱ्या एकाची बातमी लागली. हा चित्रकार होता. जपानी सैनिकांनी काही जणांचा शिरच्छेद केला, त्यांत यास गुडघे टेकावयास सांगितले असता याने टेकले नाहीत, म्हणून अधिकाऱ्याने तलवारीचा वार तसाच मानेवर केला व तो मेला असे समजून ते निघून गेले. मानेपासून तोंडापर्यंत चिरलेला तो जिवंत होता. एकाच्याच पुरत्या गाडीत दोघांस घालून, आसपास फौज फिरत असता, लिडेल यांनी अठरा मैलांवरचे रुग्णालय गाठले. पहिला वाचला नाही. चित्रकार वाचला, आणि त्याने पुढे कृतज्ञतेने त्यांस पिअनी फुलांचे एक चित्र काढून दिले.

१९४१ साली परिस्थिती बिकट झाली तेव्हा त्यांनी गर्भवती पत्नीस व दोन्ही मुलींस कॅनडास पाठविले आणि स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी मॉरीन सप्टेंबरात टोरांटोस जन्मली. बापलेकीची भेट कधीच झाली नाही. येथे आमची लेखणी थोडी अडखळते. सहाव्या वर्षी आईबापांपासून दुरावलेल्या या मनुष्याने आपल्या मुलींच्या वाट्यासही तेच यावे असे का होऊ दिले? त्यांनी तो वियोग काही महिन्यांचा मानला होता, हे खरे. तरीपण ही किंमत त्यांच्याबरोबर फ्लॉरेन्सबाईंनी व तीन लहान मुलींनीही दिली. आणि थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे ही बाजू बहुधा एका ओळीत उरकतात.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी लिडेल यांस इतर परदेशीयांबरोबर शांटुंग प्रांतातील वेइशिएन येथील छावणीत नेले. अमेरिकन मिशनचे ते जुने आवार. काटेरी तारांच्या आत दीड हजारांच्या वर माणसे कोंबलेली. व्यापारी, बँकवाले, धर्मगुरू, जोगिणी, वादक, दारुडे, सर्व प्रकारचे लोक. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चेफू येथील मिशनरींच्या मुलांची अख्खी शाळा तेथे आणली गेली. या मुलांपैकी पुष्कळांचे आईबाप चीनच्या अंतर्भागात, युद्धरेषेपलीकडे होते. काहींना त्यांचे तोंड पाहून वर्षे लोटली होती. म्हणजे लिडेल यांच्यापुढे ब्लॅकहीथचीच शाळा येऊन उभी राहिली, मात्र तारांच्या आत.

तेथे ते सर्वांचे एरिककाका झाले. उपकरणांवाचून रसायनशास्त्र शिकवावयाचे, म्हणून त्यांनी उपकरणांची चित्रे काढून हाताने पाठ्यपुस्तकच लिहून काढले. पहाटे शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी बायबल वाचावे, मग दिवसभर पाणी वाहावे, म्हाताऱ्यांची कामे करावी, वर्ग घ्यावे, संध्याकाळी खेळ. हॉकीच्या काठ्या मोडू लागल्या तेव्हा आपल्या अंथरुणाच्या चादरी फाडून त्यांनी त्या पट्ट्यांनी बांधल्या. त्यांनी कधी ऑलिंपिकचा विषय आपण होऊन काढला नाही.

खेळ अर्थात सोमवार ते शनिवार. रविवारी नाही, हा त्यांचा दंडक येथेही होता. परंतु मोठ्या मुलांस रविवार काढणे जड जाई. करावयास काही नाही, जावयास कोठे नाही. त्यांनी आपल्यापुरता हॉकीचा सामना ठरविला. पंच नव्हता, व्हावयाचे तेच झाले, काठ्यांनी हाणामारी होऊन सामना मोडला. लिडेल यांनी यावर विचार केला. ज्या मनुष्याने सबंध साम्राज्याच्या आग्रहापुढे मान तुकविली नव्हती, तो पुढच्या रविवारी मैदानावर आला आणि मुलांचा पंच झाला.

काही कडव्या मंडळींस हे रुचले नसेल. आम्हांस मात्र यात तत्त्वच्युती दिसत नाही. पॅरिसला प्रश्न त्यांच्या स्वतःच्या पदकाचा होता, आणि तेथे नियम पाळण्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली. वेइशिएनला तोच नियम पाळला असता तर किंमत आईबापांवाचूनच्या मुलांनी मोजली असती. स्वतःकरिता ते रविवारी धावले नाहीत. मुलांकरिता ते रविवारी उभे राहिले. पहिला प्रसंग जगाने पाहिला, दुसरा शंभरएक पोरांनी.

१९४४ च्या अखेरीस त्यांचे डोके असह्य दुखू लागले. चालणे मंदावले, विनोद कमी झाला. अतिश्रमाने मन खचले असावे, असा वैद्यांचा तर्क होता आणि त्यांस स्वतःलाही तसेच वाटे. आपली श्रद्धा उणी पडते की काय, या विचाराने ते खिन्न होत. मेंदूत गाठ आहे, हे मृत्यूनंतर उघड झाले. या दिवसांतच त्यांनी एका मुलास, थंडीत त्याच्या पायांत धड काही नाही हे पाहून, आपले धावण्याचे जुने बूट दोरीने बांधून दिले. शत्रूकरिता प्रार्थना करावी हे ज्या मुलांस त्यांनी शिकविले, त्यांपैकी हा एक; मोठेपणी तो मिशनरी होऊन जपानला गेला. साल्व्हेशन आर्मीचे वादक रविवारी रुग्णालयाबाहेर वाजवीत, तेव्हा लिडेल यांनी आपल्या आवडीच्या गीताची चिठ्ठी पाठविली व ते वाजविण्यात आले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी पत्नीस पत्र लिहिले, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा अंत झाला. वय त्रेचाळीस.

छावणीतील मुलांनी दुतर्फा उभे राहून मानवंदना दिली. जपानी अधिकाऱ्यांच्या निवासामागील बागेत त्यांस पुरले व एक लहान लाकडी क्रूस रोवला. त्यावर नाव लिहावयास रंग मिळेना म्हणून बुटांचे पॉलिश वापरले. मृत्यूची वार्ता टोरांटोस फ्लॉरेन्सबाईंपर्यंत पोहोचावयास मे महिना उजाडला. १७ ऑगस्टला अमेरिकन सैनिक विमानातून छत्र्यांनी उतरले आणि छावणी मुक्त झाली. पुढच्या महिन्यांत चेफूची मुले आपापल्या आईबापांकडे जाऊ लागली.

क्रूस लवकरच नाहीसा झाला व जागा विस्मृतीत गेली. चौकशी करून ती १९८९ साली शोधून काढण्यात आली, आणि १९९१ साली एडिंबरो विश्वविद्यालयाने स्कॉटलंडमधील मल बेटावरचा ग्रॅनाइट पाठवून तेथे एक शिला उभारली. गावाचे नाव तोवर वेइफांग झाले होते, आणि छावणीच्या त्या आवारात चिनी मुलांची एक शाळा भरत होती.